पाइलअपमधला स्वल्पविराम: पाचव्या रकान्यात एक अर्थ, सहाव्यात दुसरा

पाइलअप फाइल म्हणजे डीएनएच्या एकेका जागी सगळ्या रीड्समध्ये (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांत) काय वाचलं गेलं याची यादी. तिचे शेवटचे दोन रकाने दिसायला अगदी जुळे. दोन्हीकडे टिंबं, स्वल्पविराम, मधूनच एखादं अक्षर. पण पाचवा रकाना सांगतो रीडमध्ये कोणता बेस (डीएनएचं अक्षर: ए, सी, जी किंवा टी) वाचला गेला, आणि सहावा सांगतो त्या वाचण्यावर किती विसंबायचं. समजा, सॅमटूल्स या सॉफ्टवेअरच्या एमपाइलअप आज्ञेतून ५ रीड्सची ही ओळ आली:

पाचवा: .,^].,$.
सहावा: ?:?,?

एकीकडे ८ चिन्हं, दुसरीकडे ५. फाइल बिघडलेली नाही. टिंब म्हणजे फॉरवर्ड स्ट्रँडवरचा (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावरचा) बेस रेफरन्सशी, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या डीएनएशी, जुळला. स्वल्पविराम म्हणजे रिव्हर्स, म्हणजे उलट्या, स्ट्रँडवरचा जुळला. ^ म्हणजे रीड इथे सुरू झाला, $ म्हणजे नुकताच मोजलेला रीड इथे संपला. ^ च्या लगेच पुढचं चिन्ह तर बेस नसतंच, ती त्या रीडची मॅपिंग क्वालिटी, म्हणजे रीड योग्य जागी बसवल्याची खात्री. ] चा अस्की क्रमांक (संगणकाने चिन्हाला दिलेला आकडा) ९३; ३३ वजा केले की ६०.

सहाव्या रकान्यातही हीच वजाबाकी, पण उत्तर बेसबद्दलचं. ? म्हणजे ३०, हजारात एक चूक होण्याची शक्यता. आता चौथा रीड बघा. दोन्ही रकान्यांत त्याच्या वाट्याला स्वल्पविरामच आलाय! पाचव्यातला म्हणतो ‘रिव्हर्सवर जुळलं’. सहाव्यातल्याची किंमत ११, म्हणजे शंभरात साधारण ८ वेळा चूक.

खरा घात अक्षरांमध्ये होतो. पाचव्या रकान्यातला कॅपिटल ‘ए’ म्हणजे रेफरन्सपेक्षा वेगळा, फॉरवर्डवरचा ॲडेनिन. सहाव्यात तोच ‘ए’ म्हणजे ३२ गुण. आणि ^ च्या मागोमाग आला, तर मॅपिंग क्वालिटी ३२. पाचव्या रकान्यातले ‘ए’ सरळ मोजणारी स्क्रिप्ट हे शेवटचे ‘ए’ही व्हेरियंट, म्हणजे रेफरन्सपेक्षा वेगळा बेस, म्हणून मोजते. + किंवा - नंतर आकडा आणि अक्षरं येतात, ती इन्सर्शन-डिलीशनची (जादा आलेल्या किंवा गळलेल्या बेसची). तीही या जागेच्या मोजणीतून वगळायची. कमी कव्हरेज असलेल्या, म्हणजे मोजकेच रीड्स मिळालेल्या, जागी असा एक खोटा ‘ए’सुद्धा निकाल फिरवू शकतो, म्हणून आधी ^ ची जोडी काढा, मगच मोजा.

वरची ओळ मिळायला बेस क्वालिटीची किमान मर्यादा ११ किंवा त्याहून कमी, उदाहरणार्थ ०, ठेवावी लागते. एमपाइलअपची मूळ मर्यादा १३ आहे. तिच्यात ११ गुणांचा चौथा रीड या जागी दिसलाच नसता.