प्रत्यारोपित मूत्रपिंडालगतचे लसिकाद्रव : सुई, नळी की दुर्बीण?

१९५४ साली बॉस्टनमध्ये पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. पुढची काही वर्षे सगळी चिंता शरीर नवा अवयव नाकारेल याचीच होती. त्याच्या शेजारी साचणाऱ्या लसिकेकडे (लसिकावाहिन्यांतून वाहणारा पातळ द्रव, म्हणजे लिम्फ) साठच्या दशकाच्या अखेरीस लक्ष जाऊ लागले. सोनोग्राफी आली आणि काहीही त्रास नसलेल्या रुग्णांतही असे द्रव दिसू लागले. त्यांना हात न लावणे हेच बहुतेकदा शहाणपणाचे ठरते.

त्रास होतो तो द्रवाच्या दाबाने. मूत्रवाहिनी दबली की रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) चढते, शीर दबली की त्या बाजूचा पाय सुजतो. मग आधी सुईने नमुना काढतात. त्यातले क्रिएटिनिन रक्ताइतकेच असेल तर लसिका, कितीतरी जास्त असेल तर मूत्रगळती.

पुढे काय करायचे, यावर मात्र एकमत नव्हते. नुसते सुईने उपसले तर द्रव बहुधा पुन्हा भरतो. नळी ठेवून, द्रवाची पोकळी चिकटून बंद व्हावी म्हणून तीत पोव्हिडोन आयोडीन किंवा अल्कोहोल सोडण्याचा मार्ग रुग्णाला भूल न देता जमतो, पण त्यासाठी वारंवार खेपा घालाव्या लागतात. शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्या माणसाच्या अंगात नळी दिवसेंदिवस ठेवणे म्हणजे जंतुसंसर्गाला वाट मोकळी करून देणे. दुसरा पर्याय म्हणजे पेरिटोनियमला, म्हणजे पोटाच्या पोकळीच्या अस्तराला, खिडकी पाडून लसिका पोटाच्या पोकळीत वळवणे. तिथे ती शोषली जाते. आधी हे पोट उघडून करत. १९९१ च्या सुमारास ते दुर्बिणीतून होऊ लागले. प्रकाशित रुग्णमालिकांत पुनरुद्भवाचे प्रमाण या पद्धतीत सर्वांत कमी दिसते. तरीही अनेक ठिकाणी पहिला प्रयत्न नळीचाच होतो, तो का, हे कोडे आहे. आकडे बहुतेक जुन्या नोंदींतून मागे वळून गोळा केलेले आहेत आणि रुग्णांची निवड सारखी नव्हती, हा आक्षेप खराच. दुर्बिणीतून मूत्रवाहिनी कापली जाण्याचा धोकाही खोटा नाही. म्हणून शस्त्रक्रियेदरम्यानच सोनोग्राफीने जागा हेरतात, आणि खिडकी पुन्हा मिटू नये म्हणून कधी तिच्यात ओमेंटमचा (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्याचा) भाग बसवतात. द्रवात पू असेल तर मात्र खिडकीचा विचार सोडून द्यावा लागतो; तेव्हा नळीच.

नव्वदच्या दशकाअखेर सिरोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध वापरात आल्यावर जखमा सावकाश भरू लागल्या आणि या द्रवाचे रुग्णही वाढले. अलीकडे लसिकावाहिनीत लिपिओडॉल हे क्ष-किरणांत दिसणारे तेलकट द्रव्य सोडून गळतीची जागा शोधतात, आणि कधी तीच प्रक्रिया गळती बंदही करते. काही शल्यविशारद तर प्रत्यारोपणाच्या वेळीच खिडकी पाडून ठेवतात.