सबसिडी आणि क्रॉस सबसिडी: बिल एक, खिसे दोन

अण्णांचा सोलापुरात अशोक चौकाजवळ टॉवेलचा कारखाना आहे. मी त्यांचा आणि आणखी काही यंत्रमागधारकांचा हिशेब लिहितो. सूत, साइझिंग (सुताला खळ लावणं), मजुरी आणि वीज, या चारही खर्चांचे कागद दर महिन्याला माझ्या हाताखालून जातात. गेल्या उन्हाळ्यात अण्णांनी वीजबिल माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "सरकार सबसिडी द्यालंय म्हणतेत. टीव्हीवर सबसिडी काढणार म्हणून पण सांगालेत. मग आमचं नेमकं काय जाणार ओ?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यांच्या बोलण्यात सबसिडी हा शब्द दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. पहिली होती सरकारी अनुदान, म्हणजे सरळ सबसिडी. दुसरी क्रॉस सबसिडी. वीज दोन्हींमुळे स्वस्त होते, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण एकीचे पैसे मुंबईतल्या तिजोरीतून येतात आणि दुसरीचे शेजारच्या ग्राहकाच्या बिलातून. हा फरक ध्यानात आला नाही तर वीजधोरणाची कुठलीही बातमी नीट लागत नाही.

समजा, एक युनिट वीज विकत घेऊन, तारांमधून वाहून ग्राहकापर्यंत पोचवायला सरासरी 8 रुपये लागतात. वीज कंपनी छोट्या घरांना 100 युनिट 5 रुपयांनी विकते आणि मोठ्या कारखान्यांना 150 युनिट 10 रुपयांनी. घरांकडून 300 रुपये कमी येतात, कारखान्यांकडून 300 रुपये जास्त येतात. हिशेब जुळला. सरकारने यात एक पैसाही घातलेला नाही. ही क्रॉस सबसिडी. आता सरकार म्हणालं की घरांना 5 रुपयेही जड जातात, त्यातले 2 आम्ही भरतो. घराच्या बिलात 3 रुपये लागले आणि उरलेले 2 सरकारने कंपनीला दिले. ही सबसिडी. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण खरा हिशेब याच रीतीने चालतो.

दोन्ही ठरवणारे हातही वेगळे आहेत. कोणत्या वर्गाला किती दर, हे महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. क्रॉस सबसिडी त्या दरांच्या कोष्टकातच मुरलेली असते, बिलावर तिची वेगळी ओळ नसते. सबसिडी मंत्रिमंडळ ठरवतं आणि तिची तरतूद अर्थसंकल्पात होते. विद्युत कायदा 2003 चं कलम 65 याबाबत कडक आहे: राज्य सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर ती रक्कम कंपनीला आगाऊ द्यावी लागते, आणि ती दिली नाही तर सवलतीचा आदेश लागू होत नाही, आयोगाने ठरवलेला दर लागू होतो. कायद्यात इतकं स्पष्ट असूनही देशभरात अनुदानाच्या रकमा थकत राहिल्या. म्हणून 2023 मध्ये केंद्राने नियम केला की किती अनुदान मागितलं आणि किती मिळालं याचा हिशेब दर तिमाहीला द्यायचा. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. तिजोरीतून जाणारा पैसा मोजता येतो, त्यावर विधानसभेत प्रश्न विचारता येतो. दराच्या कोष्टकात लपलेल्या पैशाबद्दल विचारणारा आमदार मी तरी अजून पाहिलेला नाही.

सोलापुरात या दोन्ही गोष्टी एकाच बिलावर भेटतात, आणि अण्णांचा गोंधळ तिथूनच सुरू झाला. आयोगाच्या दरपत्रकात लघुदाब, म्हणजे कमी व्होल्टेजवर वीज घेणाऱ्या, उद्योगांमध्ये यंत्रमागांचा वेगळा पोटवर्ग आहे आणि त्याचा दर इतर लघुउद्योगांपेक्षा कमी ठेवलेला असतो. हे झालं आयोगाचं काम. त्यावर वस्त्रोद्योग धोरणातून राज्य सरकार युनिटमागे सवलत देतं. 2024 मध्ये सरकारने 27 अश्वशक्तीपर्यंतच्या यंत्रमागांना युनिटला 1 रुपया आणि त्यावरच्यांना 75 पैसे जादा सवलत द्यायचं ठरवलं. म्हणजे अण्णांची वीज स्वस्त होण्याची दोन कारणं आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दारांतून बंद होऊ शकतात.

तसं एकदा झालंही. नोंदणीचा एक कागद अपुरा राहिला आणि एका महिन्याच्या बिलात सवलतीची ओळच आली नाही. अण्णा वीज कार्यालयाच्या पायऱ्या चढून उतरून थकले. खिडकीवरचा माणूस दरपत्रक दाखवून सांगायचा की दर बरोबर लागलाय. त्याचं चूक नव्हतं, दर बरोबरच होता. गेली होती ती सबसिडी, आणि तिची फाइल दुसऱ्याच खात्यात होती. तिथे विचारायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. हे निस्तरेपर्यंत दोन बिलांचे पैसे अडकले. टॉवेलच्या धंद्यात नफा पैशांत मोजतात, तिथे युनिटला रुपया म्हणजे माग चालवायचा की बंद ठेवायचा एवढा मोठा प्रश्न.

आता शहराबाहेर, मोहोळ-पंढरपूरकडे चला. उजनीच्या पाण्यावर ऊस, नाहीतर बोअरच्या पाण्यावर डाळिंब घेणाऱ्या शेतकऱ्याला 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल भरावं लागत नाही. ही मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना, एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंतची. सुमारे 44 लाख शेतकऱ्यांसाठी तिचा वर्षाचा खर्च 14,760 कोटी रुपये धरला होता. "शेतकऱ्याची वीज सरकार भरतं," असं आपण सहज म्हणतो, पण ते अर्धंच खरं आहे. आयोगाने शेतीसाठी ठरवलेला मूळ दरच पुरवठ्याच्या सरासरी खर्चाहून बराच खाली असतो. तो खड्डा मोठे उद्योग, दुकानं आणि जास्त वीज वापरणारी घरं भरतात. त्यानंतर जो दर उरतो, तेवढाच सरकार भरतं. शून्याच्या बिलाखाली अशी दोन थरांची मदत आहे. वरचा थर उद्या सरकारने काढला तरी खालचा तसाच राहील. खालचा काढला आणि शेतकऱ्याला काही जाणवू द्यायचं नसेल, तर सरकारचा खर्च एकदम फुगेल. या दोन वाटांमधला फरक शेतकरी संघटनांनीही ठामपणे मांडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

इथेच देशातल्या सुधारणांच्या दोन चर्चा वेगळ्या होतात. 2020 मध्ये केंद्राने विद्युत कायद्यातल्या दुरुस्तीचा मसुदा काढला. त्यात अनुदान दरातून न देता थेट ग्राहकाच्या खात्यात द्यायचा विचार होता. ती सबसिडीची सुधारणा होती: पैसा तिजोरीतलाच, फक्त वाट बदलणार. शेतकरी म्हणाले की आधी पूर्ण बिल भरायचं आणि मग खात्याकडे डोळे लावून बसायचं, हे आम्हाला परवडणार नाही. दिल्लीच्या वेशीवरच्या आंदोलनात हा मसुदा मागे घेण्याचीही मागणी होती. दुसरी चर्चा क्रॉस सबसिडीची आहे आणि ती फार जुनी आहे. क्रॉस सबसिडी हळूहळू कमी करायची, हे 2003 च्या कायद्यातच आलं. 2006 च्या वीजदर धोरणाने सांगितलं की 2010-11 अखेरपर्यंत प्रत्येक वर्गाचा दर सरासरी खर्चाच्या 20 टक्के वर किंवा खाली, एवढ्याच पट्ट्यात आणायचा. ती मुदत केव्हाच उलटली, तरी 2016 च्या धोरणात तेच उद्दिष्ट पुन्हा आलं. ऑक्टोबर 2025 च्या दुरुस्ती मसुद्यात केंद्राने आणखी पुढे जाऊन उत्पादन उद्योग, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरचं ओझं पाच वर्षांत काढून टाकायचं म्हटलं. टीव्हीवर अण्णांनी ऐकलेली बातमी बहुधा हीच असावी. ती यंत्रमागाची सवलत काढण्याबद्दल नव्हती.

मग अण्णांनी निश्चिंत राहावं का? नाही. कारण मागणी वाढते आहे.

30 मे 2024 ला देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटच्या घरात गेली. ते दिवस सोलापूरकराला वेगळे सांगायला नकोत. सोलापूरजवळच फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी कंपनीचा 1,320 मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. आपल्या गावाजवळ एवढी वीज होते तर आपल्याला ती स्वस्त का नाही, असं लोक विचारतात. ती वीज महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या वाट्याची असते, आणि आपला दर राज्यभरच्या खरेदीच्या हिशेबाने ठरतो, जवळपणाने नाही. उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर एसी आणि पंखे सगळे एकदम चालू असतात तेव्हा महागडी वीज घ्यावी लागते. तिचा काही भाग बिलात इंधन समायोजन आकार म्हणून उतरतो, काही भाग पुढच्या दरवाढीत. सरासरी खर्च 8 चा 9 झाला की स्वस्त दर आणि खर्च यांच्यातली दरी आपोआप रुंद होते, आणि दोन्ही खिशांवर ताण येतो.

त्यातही क्रॉस सबसिडीचा खिसा लवकर फाटतो. वरच्या हिशेबात कारखान्यांनी 150 पैकी 50 युनिट दुसरीकडून घेतले तर त्यांच्याकडून येणारे जादा 300 रुपये 200 वर येतात. घरांचा खड्डा मात्र 300 चाच राहतो. खुल्या प्रवेशाने, म्हणजे कंपनीच्या तारा वापरून दुसऱ्याच विक्रेत्याकडून, वीज घेणाऱ्या ग्राहकाकडून म्हणूनच क्रॉस सबसिडी अधिभार घेतात. पण स्वतःच्या मालकीच्या प्रकल्पातून वापरासाठी वीज आणणाऱ्याला तो लागत नाही, आणि 2022 च्या नियमांनी हरित ऊर्जेच्या खुल्या प्रवेशासाठी लागणारी किमान मर्यादा 1 मेगावॉटवरून 100 किलोवॉटवर आणली, म्हणजे छोट्या ग्राहकांनाही ही वाट उघडली. छतावरच्या सौर पॅनेलचंही तसंच. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये मिळतात. ही सरळ सबसिडी, केंद्राच्या तिजोरीतून, एकदाच. पण ती घेऊन जुळे सोलापुरातला बंगलेवाला वरच्या स्लॅबमधून खाली आला, की क्रॉस सबसिडी देणाऱ्यांच्या रांगेतला एक माणूस कमी झाला. एकीचा फायदा दुसरीला दुबळं करतो. पॅनेल लावू नये असं मी म्हणत नाही, लावावंच. पण ज्यांना स्वतःचं छत नाही, विडी घरकुलातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या त्या विडी कामगार बाईचा दर पुढे कोण सांभाळणार, हे आत्ताच ठरवायला हवं. माझं उत्तर सरळ आहे: तिला स्वस्त वीज द्यायची तर ती सरकारने उघडपणे, अर्थसंकल्पातून द्यावी. क्रॉस सबसिडीवर तिला सोडून देणं म्हणजे आटत चाललेल्या विहिरीवर घागर ठेवणं.

दोन्ही खिशांवरचा भार एकदम हलका करणारी एक वाट महाराष्ट्राने धरली आहे, ती म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी. गावाजवळच्या सौर प्रकल्पातून शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज द्यायची, साधारण तीन रुपये युनिटच्या आसपास. विजेचा खर्चच उतरला तर उद्योगांवर टाकायचं ओझं आणि सरकारचं अनुदान, दोन्ही कमी लागतं. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात पाणी द्यायला जाणं थांबतं, ते वेगळंच.

अण्णांना मी हे सगळं चहाच्या दोन फेऱ्यांत सांगितलं. नंतरच्या बिलात सवलतीची ओळ परत आली होती. तिच्याखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली, मग वरच्या वीज आकाराच्या ओळीवर बोट ठेवलं. आयोग दर ठरवण्याआधी हरकती मागवतो आणि कुणीही ग्राहक लेखी म्हणणं देऊ शकतो, हे त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. म्हणाले, "ह्याची सुनावणी कधी असतंय? आपण लिहून देऊ की."