जंताची गोळी दिली, पण अंगणाचं काय?

गोड खाल्लं की जंत होतात हे आपल्याकडे अजून घरोघरी ऐकू येतं. पण जंत साखरेतून येत नाहीत, ते मातीतून, हातातून, पाण्यातून येतात. हे शास्त्रज्ञांनाही उशिराच कळलं. 19व्या शतकाच्या शेवटी कैरोमध्ये आर्थर लूस या जर्मन शास्त्रज्ञाच्या हातावर हुकवर्म नावाच्या आतड्यातल्या जंताच्या अळ्यांचं पाणी सांडलं आणि पुढे त्यालाच लागण झाली, तेव्हा कुठे लक्षात आलं की हा जंत कातडीतूनही शिरतो, म्हणजे अनवाणी फिरणाऱ्या पोरांना धोका जास्त. 1909 मध्ये याच हुकवर्मविरुद्ध स्थापन झालेल्या रॉकफेलर कमिशनने अमेरिकेच्या दक्षिण भागात औषध दिलं आणि सोबत संडास बांधा म्हणून प्रचारही केला.

आपल्याकडे या दोन गोष्टी वेगवेगळ्या वाटेने आल्या. महाराष्ट्रात 2000 साली गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, 2014 ला स्वच्छ भारत, आणि जंतनाशक दिन 2015 पासून. अंगणवाडीत नि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते, 1 ते 2 वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. चांगलंच आहे, द्यायलाच हवी! पण गोल जंताची एक मादी दिवसाला 2 लाखांपर्यंत अंडी घालते, ती मातीत दोन-तीन आठवडे राहून मग लागण करण्याजोगी होतात आणि ओलसर सावलीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणजे गोळीने पोट साफ झालं तरी रांगणारं बाळ परत त्याच अंगणात बसून तीच माती तोंडात घालणार.

मग संडास बांधला की झालं का? ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या 100 गावांत अभ्यास झाला, 2014 मध्ये निकाल आला. संडास बरेच वाढले, पण मुलांमधले जंत किंवा जुलाब कमी झाले नाहीत. बांधलेले सगळे वापरात नव्हते, आणि मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे लहान बाळाची शी. तिला आपण घाण मानतच नाही, उकिरड्यावर नाहीतर गटारात टाकून देतो, पण जंत झालेल्या बाळाच्या शीतही तीच अंडी असतात. ती संडासातच टाकायची, आणि मग आईने, आजीने, ज्याने धुतलं त्याने साबणाने हात धुवायचे, हे खरं तर प्रत्येक अंगणवाडीत गोळीसोबत सांगायला हवं.

दूषित पाण्यातून येणारा जिआर्डिया हा डोळ्यांना न दिसणारा परजीवी तर या एका गोळीला नीट दादही देत नाही. आणि सुतासारखे बारीक जंत नखांतून, अंथरुणातून घरभर पसरतात, त्यामुळे एकट्या पोराला औषध देऊन भागत नाही, डॉक्टरांना विचारून सगळ्या घराने एकदमच घ्यावं लागतं.