चिरलेल्या कोबीला थोडं थांबू द्या

कोबी चिरायला घेतला की दोन-चार कापांतच एक उग्र, तिखटसर दर्प नाकात शिरतो. अख्ख्या गड्ड्याला हा वास नसतो. तो सुरीखाली तयार होतो. कोबीच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं एकीकडे साठवलेली असतात आणि मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसरीकडे. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. पातं फिरलं, पेशी फुटल्या, की ती एकमेकांत मिसळतात आणि नवी तिखट रसायनं जन्माला येतात. पान कुरतडणाऱ्या अळीला पिटाळून लावायची ही झाडाची सोय. फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, मोहरी ही सगळी याच कुळातली.

या झटापटीतून इंडोल-३-कार्बिनॉल हे एक द्रव्य तयार होतं. जठरातल्या आम्लात त्याचं आणखी रूपांतर होतं, आणि यकृतातली जी विकरं इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचं विघटन करतात त्यांपैकी काहींना त्याने चालना मिळते. हा बदल लघवीतल्या अवशेषांवरून मोजताही येतो. त्याने आजार टळतात असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही, आणि तसं छातीठोकपणे सांगून गोळ्या विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण भाजी तर आपण खाणारच आहोत. मग तिच्यातलं चांगलं वाया का घालवायचं?

वाया जातं ते उष्णतेमुळे. चिरल्या चिरल्या कोबी उकळत्या पाण्यात पडला, तर मायरोसिनेज काम उरकण्याआधीच निकामी होतं. म्हणून भाजी आधी चिरून ठेवावी, अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्यावी आणि मग शिजवावी. तोवर रसायनं तयार झालेली असतात आणि माफक आच ती बऱ्यापैकी सोसतात. घाई असेल तर शिजलेल्या भाजीवर चिमूटभर मोहरीची कच्ची पूड भुरभुरावी. मोहरीतलं मायरोसिनेज ब्रोकोलीतल्यापेक्षा जास्त उष्णता सोसतं, त्यामुळे राहिलेलं काम ते पुरं करतं.

‘हार्मोन्स संतुलित करणारी भाजी’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. पाळीच्या एकाच चक्रात इस्ट्रोजेनची पातळी कित्येक पटींनी चढते आणि उतरते. तिने तसं चढउतार करणं हेच निरोगीपणाचं लक्षण आहे. भाजी हार्मोन बनवत नाही आणि ताजव्यात तोलतही नाही. तिचा मोठा वाटा आहे तो वापरून झालेलं हार्मोन बाहेर टाकण्यात. यकृत इस्ट्रोजेनला एक रासायनिक शेपूट जोडून ते पित्तावाटे आतड्यात सोडतं. तिथले काही जिवाणू ती शेपूट तोडतात, आणि मोकळं झालेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शोषलं जातं. आहारात चोथा भरपूर असेल तर मळाचं वजन वाढतं आणि त्याबरोबर जास्त इस्ट्रोजेन निघून जातं. १९८२ साली अमेरिकेत शाकाहारी आणि मिश्राहारी स्त्रियांची तुलना झाली, तेव्हा शाकाहारी गटाच्या मळात इस्ट्रोजेन जास्त आणि रक्तात कमी आढळलं. म्हणून भाजी गाळून नुसता रस पिण्याची टूम मला पटत नाही. जे कामाचं, तेच गाळणीत राहतं.

थायरॉइडचा त्रास असलेल्या स्त्रियांना कोबी-फ्लॉवरची धास्ती घातली जाते. तिचं मूळ १९२८ सालचं आहे: प्रयोगशाळेत कोबीवर वाढवलेल्या सशांना गलगंड झाला होता. कोबीतली काही द्रव्यं थायरॉइडच्या आयोडीन वापरण्यात अडथळा आणतात, हे खरंच. पण प्रमाण किती? २०१० साली नोंदवलेल्या एका प्रकरणात ८८ वर्षांच्या बाईंची थायरॉइड ग्रंथी पार मंदावून त्या अत्यवस्थ झाल्या. त्या कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बॉक चॉय, म्हणजे कोबीच्याच कुळातली पालेभाजी, कच्ची खात होत्या. ताटातली वाटीभर शिजवलेली भाजी त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय ज्या विकरामुळे ही द्रव्यं तयार होतात, ते चिरल्यावर न थांबता लगेच शिजवलं तर निकामी होतं. आयोडीन पुरेसं मिळत असेल तर शिजवलेला कोबी निर्धास्त खावा. एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही: थायरॉइड हार्मोन बनवणाऱ्या विकराला लोह लागतं, आणि पाळीत रक्त जास्त जाणाऱ्या स्त्रीला नेमकी त्याचीच टंचाई असते. भाजीतलं लोह सहजी शोषलं जात नाही. गॅस बंद केल्यावर पिळलेल्या लिंबाने ते बरंच सुधारतं. लिंबू आधी घालू नये, कारण क जीवनसत्त्व उष्णतेत टिकत नाही.

पीसीओएस या अंडाशयांशी निगडित हार्मोन-विकारात गाठ इन्सुलिनशी असते. ते वाढलं की अंडाशयं पुरुषी हार्मोन जास्त बनवतात. चोथा असलेली भाजी साखर रक्तात सावकाश उतरवते, एवढी मदत नक्की होते. पण पाळी तीन-तीन महिने येत नसेल किंवा रक्तस्राव आवरत नसेल, तर उत्तर स्वयंपाकघरात शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

राहता राहिलं पालकाचं पाणी. पालक भरपूर पाण्यात उकळला तर त्यातलं निम्मंअधिक फोलेट, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, पाण्यात उतरतं. वाफवला तर जवळजवळ सगळं टिकतं. फोलेट हवं ते गर्भाच्या मज्जानलिकेसाठी: जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती ही नलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचं कळण्याआधीच. मूल हवं असेल तिने फोलिक अॅसिडची गोळी आधीपासून घ्यावीच, पालक वाफवावा, आणि उकळलाच तर ते पाणी सूपमध्ये घालावं. पण त्याच पाण्यात ऑक्झलेटही उतरतं, जे पालकातलं कॅल्शियम अडकवून ठेवतं आणि मूतखड्यात सापडतं. जिला खडे होतात, तिने तेच हिरवं पाणी ओतून द्यावं. आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांसाठी पालकावर भिस्त ठेवू नये: त्यातलं जेमतेम पाच टक्के कॅल्शियम अंगी लागतं. ब्रोकोली आणि केल या कोबीच्याच कुळातल्या पालेभाजीत ऑक्झलेट फार थोडं, म्हणून त्यांचं कॅल्शियम कितीतरी चांगलं शोषलं जातं.