आर्मस्ट्राँगचे तीन, पॅकियावचे आठ

फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाव आठ वजनगटांत जगज्जेता झाला. अमेरिकेच्या हेन्री आर्मस्ट्राँगच्या नावावर गट तीनच. तरी जुने जाणकार आर्मस्ट्राँगचं नाव आधी घेतात, आणि त्यात काही खोट नाही. पॅकियावने 1998 ते 2010 या काळात एकेक गट सर केला. नवीन मिळवताना जुनं सुटत गेलं. आर्मस्ट्राँगकडे तिन्ही विजेतेपदं एकाच वेळी होती.

ऑक्टोबर 1937 मध्ये त्याने फेदरवेट (126 पौंड) जिंकलं. मग मधला लाइटवेट गट ओलांडून मे 1938 मध्ये थेट वेल्टरवेटच्या बार्नी रॉसला गाठलं. वेल्टरवेटची 147 पौंड ही कमाल मर्यादा. त्याहून हलक्या माणसाला नियम अडवत नाही, समोरचे ठोसे काय ते अडवतात. रॉस भरला 142 पौंड, आर्मस्ट्राँग साडेआठ पौंडांनी कमी. तरीही पंधरा फेऱ्यांनंतर निकाल त्याच्याच बाजूने लागला. ऑगस्टमध्ये लाइटवेटच्या लू अँबर्सशी लढताना त्याचं तोंड इतकं फाटलं की रिंगभर रक्त पाहून पंचांनी लढत थांबवण्याची तंबी दिली. आर्मस्ट्राँगने माउथपीस काढून टाकला, रक्त गिळत उरलेल्या फेऱ्या काढल्या आणि तिसरं विजेतेपद घेतलं. तेव्हा मुख्य वजनगट होते आठच. आज सतरा आहेत.

आज एकाच वेळी अनेक गटांची विजेतेपदं जवळजवळ कुणाकडेच का नसतात? बेल्ट, म्हणजे विजेतेपदाचा पट्टा, देणाऱ्या चार मोठ्या संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. आपल्या क्रमवारीतल्या आव्हानवीराशी ठराविक मुदतीत लढायचं, हे विजेत्यावर बंधन असतं. प्रत्येक लढतीच्या मानधनातून संघटनेला फीही मिळते. एकच माणूस दोन गट अडवून बसला तर दोन्हीकडचे आव्हानवीर ताटकळतात. म्हणून दुसऱ्या गटात जिंकलेल्याला सहसा एक बेल्ट निवडून दुसरा सोडावा लागतो. 2019 मध्ये कॅनेलो अल्वारेझने कोवालेवला हरवून डब्ल्यूबीओचा लाइट हेवीवेट बेल्ट घेतला आणि पुढच्याच महिन्यात सोडूनही दिला.

पण संघटनेच्या मनात आलं तर नियम वाकतोही. 7 नोव्हेंबर 1988 ला लास व्हेगासमध्ये शुगर रे लेनर्ड आणि डॉनी लालोंड लढले. लालोंड लाइट हेवीवेटचा (175 पौंड) विजेता, पण लढतीची मर्यादा ठरली 168. मग डब्ल्यूबीसीने त्याच लढतीवर आपलं नवंकोरं सुपर मिडलवेट (168 पौंड) विजेतेपदही लावलं. चौथ्या फेरीत खाली पडलेल्या लेनर्डने नवव्या फेरीत लालोंडला आडवं केलं. एका रात्रीत दोन गट! हिशेब चोख आहे, पण आर्मस्ट्राँगच्या पंगतीत याला बसवायला माझं मन धजत नाही.

पॅकियावच्या आठाचीही जरा झडती घ्यावी लागते. त्यांपैकी फेदरवेट आणि लाइट वेल्टरवेटमध्ये त्याच्याकडे या चारपैकी एकाही संघटनेचा बेल्ट नव्हता. तिथला दावा ‘द रिंग’ या बॉक्सिंगच्या मासिकाच्या मान्यतेवर उभा आहे. कडक मोजणाऱ्याच्या वहीत म्हणून सहाच. शिवाय शेवटच्या, सुपर वेल्टरवेटच्या लढतीची मर्यादा 154 ऐवजी 150 पौंडच ठेवली होती, आणि तो बेल्ट त्याने एकदाही पणाला न लावता सोडला. फ्लायवेटपासून (112 पौंड) तिथवर चढत जाणं मात्र अचाटच.

‘अविवादित विजेता’ हे आणखी तिसरंच प्रकरण: एकाच गटातले चारही बेल्ट एकाकडे. टेरेन्स क्रॉफर्ड 2017 मध्ये लाइट वेल्टरवेटला, 2023 मध्ये वेल्टरवेटला आणि 2025 मध्ये कॅनेलोला हरवून सुपर मिडलवेटला असा अविवादित झाला. कॅनेलोला हरवलं तोवर त्याचे वेल्टरवेटचे चारही बेल्ट दुसऱ्यांकडे गेले होते.