प्रतिजैविक-रोध, रुग्णालयजन्य

रुग्णालयात दाखल झाल्यानंतर ४८ तासांनी किंवा त्याहून उशिरा उद्भवलेल्या संसर्गास सामान्यतः रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. लघवीची नळी, शिरेतील नळी, व्हेंटिलेटर आणि शस्त्रक्रियेची जखम या त्याच्या नेहमीच्या वाटा. क्लेब्सिएला न्यूमोनिई, ॲसिनेटोबॅक्टर बाउमनी, स्यूडोमोनस एरुजिनोसा व स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे प्रमुख जंतू. यांच्यावर पूर्वी लागू पडणारे औषध निष्प्रभ ठरणे म्हणजे रोध. ‘शरीराला अँटिबायोटिकची सवय झाली’ हे बोलणे चुकीचे आहे. बदलतो तो जंतू.

रोध औषधांहून जुना आहे. युकॉनमधील सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीत त्याची जनुके सापडली आहेत. पेनिसिलीन फोडणारे विकर (एन्झाइम) एब्रहम व चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे ते औषध सर्रास वापरात येण्यापूर्वी, वर्णिले. मेथिसिलीन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ब्रिटनमध्ये नोंदला गेला.

भारतात सर्वाधिक वाद झाला तो एनडीएम-१ (न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज) या विकराच्या उगमावरून. हे विकर जस्ताच्या साहाय्याने कार्बापेनेम गटाची राखीव औषधे फोडते; त्याचे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूंत एकमेकांकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, असल्याने एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडे जाते. नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या लघवीतील क्लेब्सिएलात ते २००८ मध्ये आढळले, आणि २००९ मध्ये शहराचे नाव त्याला मिळाले. २०१० मध्ये त्याच्या प्रसारावरील शोधनिबंध आल्यावर भारत सरकारने या नावास हरकत घेतली. नामकरणाची ही रीत मात्र नवी नव्हती: याच वर्गातील व्हीआयएम हे वेरोनावरून, एसपीएम हे साओ पाउलोवरून आले आहे. मुंबईतील डॉक्टरांनीही २०१० मध्ये कार्बापेनेम-रोधी २४ नमुन्यांपैकी २२ मध्ये हेच जनुक असल्याचे प्रसिद्ध केले होते. जपून ठेवलेल्या भारतीय नमुन्यांच्या फेरतपासणीत ते २००५ पर्यंत मागे जाते. त्याआधीही काही वर्षे ते वावरत असावे. जनुकाचा आरंभीचा तुकडा ॲसिनेटोबॅक्टरमधील दुसऱ्या एका रोध-जनुकाशी जुळतो, त्यामुळे दोन तुकडे जुळून हे जनुक त्याच जंतूत तयार झाले हे मत अधिक ग्राह्य वाटते. दक्षिण आशियाई उगम संभाव्य आहे. विशिष्ट शहर मात्र त्यातून सिद्ध होत नाही. दिल्लीतील साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ व नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत हे जनुक मिळाले (२०११), हा निष्कर्ष नावाच्या वादापेक्षा कितीतरी गंभीर होता. त्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले, हे खेदाने नोंदवावे लागते.

निदान कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवणे) व सेन्सिटिव्हिटी (त्यावर कोणते औषध लागू पडते ते पाहणे) चाचणीने होते. अहवालास साधारण दोन ते तीन दिवस लागतात. औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतील प्रतिजैविकासाठी ही पद्धत भरवशाची नाही, कारण तो रेणू अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवण्याच्या घट्ट माध्यमात, नीट पसरत नाही. त्यासाठी द्रवमाध्यमातील विरलनाची पद्धत वापरावी लागते. एनडीएम असलेल्या जंतूंवर ॲझ्ट्रिओनाम व सेफ्टाझिडिम-अव्हिबॅक्टम ही औषधे एकत्र देतात: ॲझ्ट्रिओनाम हे एनडीएमने फुटत नाही, तर अव्हिबॅक्टम ते फोडू शकणाऱ्या इतर विकरांना आवरते.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय (सीपीआर) हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. जिल्ह्यातील बारा तालुक्यांखेरीज सिंधुदुर्ग व निपाणीकडूनही रुग्ण शहरात उपचारांना येतात. जंतूंच्या दृष्टीने ही ये-जा महत्त्वाची. रोधी जंतू आतड्यात लक्षणांविना राहतो आणि रुग्णासोबत एका आयसीयूतून दुसऱ्यात पोहोचतो. तिथे कर्मचाऱ्यांचे हात, खाटेचे कठडे, सक्शनची नळी त्याला पुढे नेतात. जिल्ह्याच्या दुग्धव्यवसायात म्हशींच्या कासदाहावरही, म्हणजे दगडीवर, प्रतिजैविके वापरली जातात. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनला भारतात २०१९ पासून बंदी आहे.

तिसऱ्या-चौथ्या पिढीतील अनेक सेफॅलोस्पोरिने (प्रतिजैविकांचा एक गट) व कार्बापेनेमे मार्च २०१४ पासून औषध नियमांच्या शेड्यूल एच-१ या यादीत आहेत: मेडिकलवाल्याने चिठ्ठी पाहून, रुग्ण व डॉक्टर यांची नावे वहीत लिहूनच ती द्यायची असतात. तालुक्याहून रेफर झालेल्या रुग्णाच्या कागदावर आधी दिलेल्या प्रतिजैविकाचे नाव, मात्रा व दिवस असणे, आणि कल्चरचा नमुना नव्या औषधाच्या पहिल्या डोसाआधी घेतलेला असणे, यांवर अहवालाचा अर्थ बराचसा अवलंबून राहतो.