ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वेग कुठे हरवतो?

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातल्या खेड्यांत पुष्कळ मुले शेतातल्या विहिरीतच पोहायला शिकतात. पाठीला भोपळा किंवा रिकामा डबा बांधलेला, मान पाण्याबाहेर आणि पाय बेडकासारखे झाडणे चालू. असे मूल शहरातल्या तलावावर आले की त्याला ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे पालथे राहून बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याचा प्रकार, निम्मा येतोच असे पालकांना वाटते. प्रशिक्षकाला मात्र आधी ती वर धरलेली मान खाली आणावी लागते, कारण डोके वर राहिले की कंबर आणि पाय खाली जातात, शरीर तिरके होते आणि पाण्याला अडवायला मोठा पृष्ठभाग मिळतो.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असते. पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग १० टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त लागते. फ्रीस्टाइलमध्ये हात हवेतून पुढे येतात आणि एक हात पुढे येत असताना दुसरा पाणी ओढत असतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हात एकदमच पुढे न्यावे लागतात आणि नियमानुसार कोपर पाण्याखालीच ठेवावे लागतात. टाचा नितंबांकडे ओढल्या जातात त्या क्षणी मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि वेग झपाट्याने घसरतो. प्रत्येक आवर्तनात तो नव्याने मिळवावा लागतो, म्हणूनच स्पर्धेतल्या चार प्रकारांत हा सर्वांत संथ आहे. माझ्या मते इथले कौशल्य लाथेच्या जोरापेक्षा तिच्यानंतर शरीर बाणासारखे ताणून धरण्यात अधिक दिसते.

पृष्ठभागावर पोहताना लाटा उठवण्यात ताकद जाते, संपूर्ण शरीर पाण्याखाली असताना विरोध कमी, हे खेळाडूंनी फार पूर्वीच ओळखले होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये जपानच्या मासारू फुरुकावाने २०० मीटरची शर्यत बरीचशी पाण्याखालून पोहून जिंकली, आणि त्यानंतर नियम बदलून त्या क्लृप्तीला आळा घालण्यात आला. २००४ मध्ये जपानच्याच कोसुके किताजिमाच्या पाण्याखालच्या डॉल्फिन लाथेवरून (दोन्ही पाय जुळवून शेपटीसारखे वरखाली मारणे) वाद झाला. पुढच्याच वर्षी सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर अशी एक लाथ अधिकृतपणे मान्य झाली.

ब्रिटनच्या ॲडम पीटीने २०१९ मध्ये १०० मीटर अंतर ५६.८८ सेकंदांत कापले. रिओ आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारा हाच खेळाडू पॅरिसमध्ये इटलीच्या निकोलो मार्टिनेंगीच्या मागे अवघ्या ०.०२ सेकंदाने राहिला. त्या वेगात हे अंतर जेमतेम तीन सेंटीमीटर भरते. भारताच्या संदीप सेजवालने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले.

या कारकिर्दीची खरी किंमत बहुधा गुडघा मोजतो. पावले बाहेर वळवून लाथ मारताना नडगी बाहेरच्या बाजूला फिरते आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर (लिगामेंटवर) ताण येतो. सरावात हे हजारो वेळा घडत असल्याने तिथे दुखणे इतके नेहमीचे आहे की क्रीडावैद्यकात त्याला ‘ब्रेस्टस्ट्रोकरचा गुडघा’ असे नावच पडले आहे. विहिरीत वर्षानुवर्षे रुंद लाथ मारत आलेल्या मुलाचे गुडघे जवळ आणून लाथ अरुंद करावी लागते, घोटा आणि नितंबाच्या सांध्यांची लवचिकता वाढवावी लागते आणि दुखू लागताच काही आठवडे लाथांचा सराव कमी करून फ्रीस्टाइलवर भर द्यावा लागतो. स्पर्धा तोंडावर आली असताना हे घरच्यांना पटवणे तंत्र शिकवण्यापेक्षा अवघड जाते.